चार्ट सुरेख, जॉइंट कच्चे

पी-९१ (जास्त तापमानाच्या वाफेसाठीचं क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद) पाइपच्या बारा वेल्ड-जॉइंटचं स्ट्रेस रिलिव्हिंग, म्हणजे वेल्डिंगनंतर ठरल्या बेतानं तापवून ताण आणि कडकपणा उतरवणं, ठेक्यावर दिलं होतं. तापमानाच्या नोंदीचे बारा चार्ट सही-शिक्क्यानिशी आले. ७५५ अंश सेल्सिअसवर दोन तास सोकिंग (तापमान स्थिर धरणं), चढ-उतार तासाला १२० अंश. बिल चुकतं झाल्यावर हार्डनेस पाहिली, तर चार वेल्ड ३८० एचव्हीच्या (विकर्स हार्डनेसचं एकक) वर. नीट टेम्पर झालेला, म्हणजे तापवून कडकपणा उतरवलेला पी-९१ वेल्ड साधारण २०० ते २८० मध्ये बसतो. ३८० म्हणजे वेल्डिंगनंतरचा कडक, ठिसूळ मार्टेन्साइट (पोलाद झटकन थंड झाल्यावर होणारी रचना) जसाच्या तसा. असा जॉइंट दमट हवेत नुसता पडून राहिला तरी तडकू शकतो.

तीन जॉइंटना हीटरच लागला नव्हता. दुसऱ्याच जॉइंटचा चार्ट नंबर बदलून पुन्हा छापला होता. सोकिंग सुरू होताच रेघ किंचित खाली दबून परत वर येते, तो खळगा मूळ चार्ट आणि त्याच्या तीन नकला अशा चारही कागदांवर एकाच जागी होता. कागद एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरले की रेघा तंतोतंत जुळतात. दोन खरे चार्ट असे कधीच जुळत नाहीत.

चौथ्या कडक जॉइंटची चलाखी कागदावर सापडत नाही, कारण चार्ट खराच असतो. थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) पाइपला स्पॉट-वेल्ड न करता तार हीटर पॅडखाली नुसती सरकवलेली असते. ती पॅडचं तापमान सांगते. कंट्रोलर ७५५ समजून वीज तोडतो आणि पाइप बराच थंड राहतो. पुरावा पाइपवरच शोधावा. थर्मोकपलच्या दोन तारा काही मिलिमीटर अंतरावर वेगवेगळ्या चिकटवतात, त्या काढल्यावर टाचणीच्या डोक्याएवढे दोन ठिपके उरतात. ग्राइंडिंग होण्याआधी ते स्वतः पाहा. आडव्या मोठ्या पाइपवर वर, खाली आणि दोन्ही बाजूंना अशा चार जोड्या दिसायला हव्यात, कारण तळ वरच्या भागापेक्षा थंड राहतो.

घड्याळही लावून पाहा. ३०० वरून ७५५ वर जायला पावणेचार तास, दोन तास सोकिंग, उतरायला पुन्हा पावणेचार. साडेनऊ तासांच्या आत ब्लँकेट (जॉइंटवरचं उष्णतारोधक आवरण) सुटलं असेल, तर त्या दराचा चार्ट खोटा आहे.

हार्डनेस घेतानाही फसवतात: वेल्ड सोडून पाइपच्या अंगावर टेस्टर टेकवतात, किंवा वरचा मऊ, कार्बन उडालेला थर न घासता रीडिंग घेतात. टेस्टर आधी कॅलिब्रेशन ब्लॉकवर तुमच्यासमोर तपासून घ्या. मग वेल्ड, त्याच्या दोन्ही बाजूंचा उष्णताबाधित पट्टा आणि मूळ पाइप, तिन्हींची रीडिंग घ्या. बिल त्यानंतरच पास करा.

कडक निघालेला जॉइंट मॅग्नेटिक तपासणीत (चुंबकानं पृष्ठभागाच्या तडा शोधणं) बिनतड्याचा ठरला, तर पुन्हा तापवून सुधारतो. जास्त तापून मऊ पडलेल्याला मात्र "परत एकदा करून देतो" हे उत्तर चालत नाही. तो जॉइंट बहुधा कापावाच लागतो.