केमिकल फ्री म्हणून विकलेली काळी मेंदी : प्रदर्शनातून काही घेण्याआधी हे वाचा

दिवाळीआधीची प्रदर्शनं आता सुरू होतील, पुण्यात कर्वे रोडपासून सिंहगड रोडपर्यंत हॉलबाहेर बॅनर लागतील आणि आत घरगुती, नॅचरल, केमिकल फ्री साबण, उटणी, तेलं, हेअर कलर यांचे ढीगभर स्टॉल असतील, म्हणून आत्ताच लिहितेय. सगळे स्टॉलवाले फसवे नसतात, कितीतरी बायका प्रामाणिकपणे कष्ट करून माल बनवतात आणि त्यांच्या पोटावर पाय यावा असं मला अजिबात वाटत नाही. पण जे माझ्या वाट्याला आलं ते अजून कोणाच्या वाट्याला येऊ नये. विकणाऱ्या बाईंचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

मी बरीच वर्षं पार्लरमध्ये केस रंगवून घ्यायचे. अमोनियाच्या वासाने डोकं धरायचं, आणि शॅम्पू, क्रीम, डिओ यांच्या बाटल्यांवरची नावं वाचून वाटायला लागलं होतं की हे सगळं हळूहळू बंद करून साध्या गोष्टींवर यावं. आमच्याकडे शिकेकाई, रिठा, उटणं हे काही नवीन नाही, आईने आयुष्यभर तेच वापरलं. म्हणजे ओढ खरी होती, आणि अशी ओढ असलेली गिऱ्हाईकं हेरूनच हा धंदा चालतो.

कोथरूडच्या एका हॉलमध्ये तो स्टॉल होता. पितळेची भांडी, वाळलेली जास्वंद, माक्याच्या जुड्या, मातीच्या वाडग्यात भिजवलेला आवळा, सगळं इतकं छान मांडलेलं. बाई अगदी गोड बोलायच्या, "ताई, ही आमच्या आजेसासूबाईंची कृती, यात एक थेंब केमिकल नाही, लहान मुलाला लावलं तरी चालेल." मागे लॅमिनेट केलेला लॅब रिपोर्ट टांगलेला. हेअर पावडर २०० ग्रॅमला ७५० रुपये, आणि साबण, फेस क्रीम, तेल मिळून कॉम्बो ४,२०० ला. बिल मागितलं तर म्हणाल्या बिलबुक घरी राहिलंय, व्हॉट्सॲपवर पाठवते, आणि पैसे यूपीआयने त्यांच्या पर्सनल नंबरवर घेतले. बिल आजपर्यंत आलेलं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मात्र त्याच दिवशी ॲड केलं.

पावडर पाण्यात कालवून लावली, अर्ध्या तासात धुतली आणि केस काळेभोर. पहिल्यांदा काहीही त्रास झाला नाही, उलट मैत्रिणींनी विचारलं कुठला कलर म्हणून. पुढच्या वेळी कानामागे आणि मानेवर खाज सुटली, बारीक पुरळ आलं. मी ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं की ताई हे डिटॉक्स आहे, इतकी वर्षं डोक्यात मुरलेलं पार्लरचं केमिकल आता बाहेर पडतंय, घाबरून मध्येच सोडू नका, उलट आता थोडा जास्त वेळ ठेवा. खाली लगेच चार-पाच जणींचे मेसेज, आम्हालाही झालं होतं, मग केस इतके सुंदर झाले वगैरे. या जणी खऱ्या गिऱ्हाईक होत्या का त्यांच्याच घरातल्या, देव जाणे.

त्याच्या पुढच्या वेळी लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. पापण्या टम्म सुजलेल्या, कपाळ सुजलेलं, कानाच्या पाळ्या लाल होऊन त्यातून पाणी येत होतं, टाळूची नुसती आग. नवऱ्याने हाताला धरून रिक्षात बसवलं आणि स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाहताक्षणीच विचारलं, काळी मेंदी लावली का? मी म्हटलं नॅचरल आहे हो, तर त्या म्हणाल्या, मेंदी कधीच काळी नसते.

हे नीट लिहिते, कारण खरी फसवणूक इथे आहे. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं द्रव्य असतं, ते केसातल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसतं आणि रंग येतो तो केशरी-लाल, फार तर गडद तपकिरी. सोजतची, म्हणजे राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातली, जिला २०२१ साली जीआय टॅग (त्या भागाचा खास माल असल्याची सरकारी नोंद) मिळाला ती मेंदीसुद्धा नुसती लावली तर काळी होत नाही. खरोखर वनस्पतीचा काळा रंग हवा असेल तर आधी मेंदी, ती धुऊन मग निळीच्या झाडाची, म्हणजे इंडिगोची पावडर, असे दोन थर द्यावे लागतात. त्यात अर्धा दिवस जातो, आणि निळीचा रंग पुढच्या एक-दोन दिवसांत मुरत मुरत गडद होतो. एकाच पाकिटातली पावडर पाण्यात कालवली आणि अर्ध्या तासात काळं झालं, तर त्यात बहुतेक वेळा पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलिनडायअमिन असतं. हेच द्रव्य पर्मनंट हेअर डायमध्ये असतं. ज्याला सोडून मी पळत होते तेच मला जास्त पैसे घेऊन, जास्वंदीच्या फुलाचं चित्र छापून विकलं होतं.

आणि पहिल्यांदा काही झालं नाही यावर विश्वास ठेवू नका. पीपीडीची ॲलर्जी अशीच येते, आधी शरीर ते ओळखायला शिकतं आणि मग दर वेळी जास्त जोरात उलटतं. म्हणजे डिटॉक्स म्हणून ज्याला मिरवलं ती पुढच्या मोठ्या रिॲक्शनची सूचना होती, तेव्हाच थांबायला हवं असतं, आणि तेव्हाच त्या बाईंनी "जास्त वेळ ठेवा" सांगितलं. याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

सूज उतरल्यावर, औषधं बंद करून काही काळ गेल्यावर पॅच टेस्ट झाली. पाठीवर छोट्या छोट्या चकत्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि नंतर परत एकदा बघतात. पीपीडीच्या जागी लालभडक फोड. ही ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते. आता साधे काळे डायसुद्धा मला कायमचे बंद, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की बेन्झोकेन असलेली सुन्न करणारी औषधं आणि काही सल्फाची औषधं यांनाही अशा माणसांची ॲलर्जी निघू शकते, म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेलं तरी आधी सांगायचं.

घरी येऊन ते पाकीट परत वाचलं. घटक : मेंदी, आवळा, माका, ब्राह्मी, जास्वंद "आणि इतर दुर्मीळ वनस्पती". वर मोठ्या अक्षरात अमोनिया फ्री, पॅराबेन फ्री, सल्फेट फ्री. हे सगळं खरंच असेल, पण त्याला अर्थ काय? पॅराबेन पाणी असलेल्या क्रीम-शॅम्पूत बुरशी-जंतू होऊ नयेत म्हणून घालतात, कोरड्या पावडरीत त्याची गरजच नसते. सल्फेट फेसासाठी असतं. आणि पावडरमधलं पीपीडी अमोनियाशिवायही केस काळे करतं. जे घालायचंच नव्हतं ते नाही म्हणून छापलं आणि जे घातलं त्याचं नावच नाही. तो लॅब रिपोर्टही मी फोटो झूम करून वाचला. तो मुलतानी मातीचा होता, आणि दुसऱ्याच फर्मच्या नावावर.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. पीपीडी असलेला डाय विकणं आपल्याकडे बेकायदा नाही. पण अशा डायवर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापायलाच लागतो, की यातल्या घटकांनी काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी टेस्ट करा, भुवया-पापण्यांना लावू नका. किराणा दुकानात माळेला लटकलेल्या स्वस्तातल्या सॅशेवर तो बारीक अक्षरात का होईना असतो. माझ्या ७५० रुपयांच्या पाकिटावर नव्हता, कारण तो छापला असता तर केमिकल फ्री म्हणून विकता आलं नसतं. कानामागे थोडंसं लावून थांबा एवढं एक वाक्य त्यावर असतं तरी माझे डोळे वाचले असते.

त्याच बाईंकडचं फेस क्रीम माझी भाची लावत होती, आठवड्यात चेहरा उजळला म्हणून खूश होती. डॉक्टरांनी तेही बंद करायला सांगितलं. त्यात काय होतं ते अजून कळलेलं नाही, पण इतक्या लवकर गोरं करणाऱ्या बिनलेबलच्या क्रीममध्ये स्टेरॉइड किंवा पारा असण्याची शक्यता असते असं त्या म्हणाल्या. स्टेरॉइडची १४ मलमं सरकारने २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. आणि पाऱ्याने किडनीवर परिणाम झाल्याच्या केसेस केरळात मलप्पुरमकडे आणि आपल्या अकोल्यातही निघाल्यात. हे कुठेतरी लांब घडतंय असं समजू नका.

घेताना काय बघायचं ते सांगते. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे घरी बनवून विकणाऱ्यालाही लायसन्स लागतं. पाकिटावर लायसन्स नंबर, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि सगळ्या घटकांची नावं पाहिजेत. नुसता मोबाईल नंबर आणि इन्स्टाचं नाव म्हणजे पत्ता नव्हे. "इतर वनस्पती", "सीक्रेट हर्ब्स" असलं काही दिसलं की ठेवून द्या. नॅचरल, ऑरगॅनिक, प्युअर असले शब्द पुराव्याशिवाय मोघम वापरायचे नाहीत असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या ग्रीनवॉशिंगवरच्या, म्हणजे माल निसर्गाला धरून असल्याच्या खोट्या दाव्यांवरच्या, गाइडलाइन्समध्येही आहे, पण स्टॉलवर ते बघायला कोणी येत नाही, आपल्यालाच बघावं लागतं. आणि खाज, पुरळ, आग याला कोणी डिटॉक्स म्हणालं तर तिथेच धुऊन टाका आणि डॉक्टरांकडे जा.

मी आधी त्या बाईंना पॅच टेस्टच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "तुमची स्किनच खराब आहे, बाकी कोणाची तक्रार नाही." आणि ग्रुपमधून काढलं, नंबर ब्लॉक केला. त्यानंतर ग्रुपमधल्याच दोघी मला वेगळ्या मेसेजवर बोलल्या, दोघींचंही असंच झालं होतं आणि दोघींनाही हेच वाक्य ऐकवलं होतं.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आणि अन्न व औषध प्रशासनाकडेही केली, त्यांचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५. ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स ॲक्टच्या कलम २६ प्रमाणे साधं गिऱ्हाईकसुद्धा फी भरून सरकारी ॲनालिस्टकडून माल तपासून घेऊ शकतं, हे फार कमी लोकांना माहीत आहे, मलाही आत्ताच कळलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आम्ही तिघी मिळून तिकडे जायच्या तयारीत आहोत. ग्राहकांसाठी काम करणारी ग्राहक पंचायत ही संस्था १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी आपल्या पुण्यातच सुरू केली, त्यांच्या कार्यकर्त्यांशीही बोलणार आहे.

ज्यांच्याकडे अशी एका पाकिटात काळं करणारी "हर्बल" पावडर पडून आहे त्यांनी ती लावू नका, पण फेकूही नका. पाकीट तसंच बंद करून ठेवा, पुढून मागून फोटो काढा. बिल नसेल तर यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि चॅट सेव्ह करा, ग्रुपचं चॅटही आधीच एक्स्पोर्ट करून ठेवा. त्रास झाला असेल तर त्याच दिवशीचे चेहऱ्याचे फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा, आमच्या तक्रारीत सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतोय.