फोर्ड मॉडेल टी (१९२४): मागचा अॅक्सल आणि क्लच उघडल्यानंतरचे काही महिने

ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गेलं की सीटखाली थरथर सुरू व्हायची, वेग उतरवला की बंद. गाडी उभी ठेवून इंजिन रेस केलं तर काहीच नाही, म्हणजे दुखणं मागे होतं. अॅक्सल खाली घेतला तेव्हा ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागे नेणारा दांडा) पुढच्या टोकाचा, युनिव्हर्सल जॉइंटजवळचा (वळता सांधा) बुश, म्हणजे शाफ्टला आधार देणारी बांगडी, झिजून अंडाकृती झालेला दिसला. शाफ्ट नळीतल्या नळीत हेलकावे खात होता. शिवाय एका चाकाचा हब अॅक्सलच्या निमुळत्या टोकावर (टेपर) सैल. बुश बदलला, हबचे नट कसले, थरथर गेली.

पण पैसे खरे कामी आले ते दुसरीकडे. डिफरन्शियलमधले (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी दात्यांची पेटी) थ्रस्ट वॉशर, म्हणजे बाजूचा दाब झेलणाऱ्या चकत्या, मूळचे बॅबिटचे. शंभर वर्षांत हा मऊ धातू ठिसूळ होतो. बोटाने दाबला तर कडेचे तुकडे पडले. तो पूर्ण चुरला की क्राउन व्हील (अॅक्सलवरचं मोठं दातेरी चाक) पिनियनपासून (शाफ्टच्या टोकाचं छोटं दातेरी चाक) सरकतं, गिअरबॉक्सचा चाकांशी संबंध तुटतो, आणि या गाडीचा पायातला ब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या ड्रमवर असल्यामुळे तोही त्याच क्षणी जातो. उरतो फक्त हातातला लिव्हर, म्हणजे हँडब्रेक. आणि चुरा होत असताना आवाज नाही, थरथर नाही! ब्रॉन्झचे वॉशर घातले. टी घेणाऱ्याने रंगकाम नंतर करावं, हे आधी.

क्लचच्या तक्रारी दोन होत्या. क्लचच्या पोलादी चकत्या इंजिनाच्याच तेलात फिरतात. इथे मिशिगनमध्ये गारठ्यात तेल घट्ट झालं की त्या एकमेकींना चिकटतात आणि समोर उभं राहून हँडल मारून इंजिन सुरू करताना गाडी अंगावर येते. जुने लोक मागचं एक चाक जॅकवर घेऊन इंजिन चालू करत, ते याचसाठी. गारठ्यातही पातळ राहणारं १०डब्ल्यू-३० तेल भरलं आणि हँडब्रेकच्या शाफ्टवर टेकणारा क्लच लिव्हरचा स्क्रू थोडा आत घेतला, तेव्हा न्यूट्रल बरंच मोकळं झालं. पूर्ण नाही, कडाक्याच्या सकाळी अजून सरकते, हँडब्रेकचा लिव्हर मागे ओढूनच हँडलला हात लावतो.

दुसरी तक्रार चढावर टॉप गिअर घसरण्याची. ती क्लचच्या तिन्ही फिंगरचे (चकत्या दाबणारी बोटं) स्क्रू सारखेच, अर्धा अर्धा आटा कसून मिटली. स्क्रू जागी अडकवणाऱ्या कॉटर पिना मात्र नव्याच घालाव्यात, जुनी तुटून आत पडली तर गिअरबॉक्सचं वाटोळं.

नवीन घर्षण-पट्ट्यांच्या चकत्यांचा संचही मिळतो. मी घेतला नाही, ड्रमच्या खाचा अजून चांगल्या आहेत. सरळ दात्यांच्या क्राउन-पिनियनची घूं घूं तशीच आहे, ती राहणारच.