तीन बर्नरचा गॅस ग्रिल: नऊ महिन्यांनंतर

स्टीलची जाडी, झाकणावरचं थर्मामीटर वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडतो. मला बोलायचंय ते बर्नरच्या नळीच्या तोंडाबद्दल.

फेब्रुवारीत घेतला. अमळनेरला गच्चीवर चढवला तेव्हा आईने विचारलं, "हाई काय लई उना रे भाऊ?" म्हणजे हे काय घेऊन आलास. किंमत निम्मीच सांगितली. उन्हाळ्यात पनीर, पावसाळ्यात कणसं, तक्रार नाही. मग दोन महिने कव्हरखाली पडून होता. नोव्हेंबरात मेहुणे बामणोदची वांगी घेऊन आले, पाहुणे वीस, आणि मधला बर्नर पेटेना. पेटला तोही भप्पकन, नॉबच्या मागे! आधी सिलिंडर बंद केला. वांगी शेवटी अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजली. आई काही बोलली नाही, नुसती हसली.

सर्व्हिसवाल्यांनी फोनवरच निदान केलं: बर्नर गेला, 2,400 रुपये, यायचे 700 वेगळे. माणूस नाशिकहून येणार, कधी ते सांगता येत नाही. वॉरंटी? "बर्नर त्यात धरत नाहीत सर, तो झिजतो." नऊ महिन्यांत झिजायला तो काय साबण आहे?

3,100 म्हटल्यावर हात आपोआप पान्याकडे गेला. नळी काढून उन्हाकडे धरली, तर आरपार उजेड दिसेना. जेटवर, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोटीवर, बसणाऱ्या तोंडात मातीचा गोळा. कुंभारीण माशीने घर केलं होतं! स्क्रूड्रायव्हरने फोडलं तर आत सुकलेल्या हिरव्या अळ्या. पुढची वाट बंद, म्हणून गॅस उलटा बाहेर येऊन पेटत होता. बाटली धुवायच्या वीस रुपयांच्या ब्रशने नळी साफ. वांग्याला लावलेलं तेल गळून करपतं, त्याने बुजलेली भोकं सेफ्टीपिनने एकेक मोकळी केली, पण हलक्या हाताने; भोक मोठं झालं की ज्योत बिघडते. नळी बसवून सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही.

इथवर लिहून मी एक तारा कापला होता, कारण तोंडाला दहा रुपयांची जाळी लावायला कंपनीला काय झालं होतं? जुनी चहाची गाळणी कापून मीच लावली.

पंधरा दिवसांनी पुढचं लिहितोय. गाळणी काढून टाकली. ज्योत पिवळी पडली, भाजायच्या जाळीवर काजळी धरली आणि भरताला धुरकट नाही, चक्क काजळीचा वास. गॅसबरोबर हवाही त्याच तोंडातून आत ओढली जाते, ती माझ्या बारीक गाळणीने अडली. तेव्हा जाळीचा राग मागे. आता महिनाभर वापर नसेल तर नळ्या काढतो, जुन्या मोज्यांत घालून कपाटात ठेवतो. हिला तो प्रकार अजिबात आवडलेला नाही.

बाकी साफसफाई सोपी. झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं मोठ्या आचेवर चिकटलेलं जाळायचं, कोमट झालं की घासायचं, तेलाचा हात. तारेचा ब्रश मात्र फेकून दिला. एकदा कणसात तार निघाली. नारळाचा काथ्या पुरतो, फुकटात. खालचा तेलाचा ट्रे दर वेळी रिकामा करा, माझा एकदा भडकला होता.

चार तारे. जाळीचा परत दिला, पाचवा सर्व्हिसवाल्यांचा होता.