व्हे आणि क्रिएटीन, आठ महिन्यांनंतर : पावडर चांगली, माप खोटं

व्हे म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेली प्रोटीन पावडर. पाकीट एक किलोचं. त्यावर छापलंय, ३० ग्रॅमचे ३३ स्कूप. रोज एकच स्कूप, तोही सपाट, आणि पाकीट २७व्या दिवशी रिकामं. पहिल्या दोन्ही पाकिटांत हेच. २,४०० रुपये किलोच्या मालात सहा स्कूपची तूट म्हणजे ४३२ रुपये. जळगावात तेवढ्यात साठ अंडी येतात.

तेव्हाचं मत साफ होतं : वजनात मारतात. बॅच नंबर आणि फोटो पाठवून तक्रार केली. नऊ दिवसांनी उत्तर आलं, 'कृपया स्कूप सपाट भरून वापरावा.' तो सपाटच होता. त्या दिवशी रेटिंग दिलं असतं तर एक तारा.

तिसरं पाकीट मात्र फोडायच्या आधी काट्यावर ठेवलं. भरलेलं १,०३१ ग्रॅम. संपल्यावर रिकामं पाकीट आणि स्कूप मिळून २९ ग्रॅम. म्हणजे माल १,००२ ग्रॅम, वजन चोख. चोरीचा आरोप मागे. पण मग सहा स्कूप जातात कुठे?

स्कूप जागा मोजतो, वजन नाही. सगळी गडबड इथेच आहे. ट्रकमधून हादरे खात आलेल्या पाकिटात पावडर खाली बसते, हवा निघून जाते. पाकीट पाच-सहा वेळा उलटंपालटं करून सुटी केलेली पावडर सपाट भरली तर २९ ग्रॅम भरली. तोच स्कूप तळाशी खुपसून पाकिटाच्या कडेला दाबत काढला, वरून सपाट केला, तर ३६. शीग ठेवली तर ४१. आणि जुलैत गुठळ्या झाल्यावर मधल्या पोकळीमुळे २५. एकाच मापात २५ ते ४१! दाबून काढायची सवय असलेल्याचं पाकीट २७ दिवसांतच संपणार, कारण ३६ गुणिले २७ म्हणजे ९७२.

उपाय ३५० रुपयांचा : स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा. आधी काटा तपासा. औषधाच्या १० मिलीच्या सिरिंजने पाच वेळा पाणी टाका, ५० ग्रॅम दाखवायला हवेत. मग शेकर काट्यावर, काटा शून्यावर, आणि ३० होईपर्यंत पावडर. शेकरमध्ये पाणी आधी घालून घ्या, पावडर नंतर. उलट केलं की तळाला चिखल बसतो. पाणी उकळतं नको. व्हे साधारण ७० अंशांच्या पुढे फाटतं. प्रोटीन त्यात वाया जात नाही, पण पिववत नाही.

क्रिएटीनचं, म्हणजे स्नायूंना जोर लावताना ऊर्जा पुरवणाऱ्या पावडरीचं, माप आणखी नाजूक. ३ ग्रॅमचा म्हणून दिलेला चमचा या काट्यावर कधी २ दाखवतो, कधी ५, कारण इतक्या कमी वजनाला असा काटा भरवशाचा नाही. म्हणून दहा चमचे एकत्र मोजून दहाने भागा. इथे दहाचे ४३ ग्रॅम भरले, म्हणजे चमच्याला ४.३. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतात, त्यामुळे नुकसान तब्येतीचं नाही, खिशाचं आहे : २५० ग्रॅमचा डबा ८३ दिवसांऐवजी ५८ दिवसांत संपतो. आठवडाभर रोज २० ग्रॅमचं लोडिंग (सुरुवातीचा मोठा डोस) केलं तर स्नायूंतला क्रिएटीनचा साठा लवकर भरतो एवढंच. ३ ग्रॅमने तीन-चार आठवड्यांत तिथेच पोचता येतं. पहिल्या महिन्यात वाढलेलं किलो-दीड किलो बरंचसं पाणी असतं, त्याला मसल समजू नका. रक्त तपासायचं असेल तर क्रिएटीन चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा, रिपोर्टात क्रिएटिनिन (किडनीचं काम तपासायला बघतात तो आकडा) थोडं वर दिसू शकतं. किडनीचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नये.

आता व्हे लागतं तरी किती. व्यायाम करणाऱ्या ६५ किलोच्या माणसाला किलोमागे १.६ ग्रॅम धरून दिवसाला १०४ ग्रॅम प्रोटीन. आपल्या खान्देशी ताटाला लोक उगाच कमी लेखतात. कळण्याचं पीठ, दादर ज्वारीच्या किलोला पाव किलो उडीद, १५० ग्रॅम घेतलं तर सुमारे १९ ग्रॅम. नुसत्या ज्वारीत लायसिन (प्रोटीन ज्यांचं बनतं त्या अमिनो आम्लांपैकी एक) कमी पडतं, ते उडदाने भरून निघतं, म्हणून प्रोटीनच्या हिशेबात कळण्याची भाकरी साध्या भाकरीपेक्षा उजवी. तुरीच्या घट्ट वरणाच्या दोन वाट्या १३, अर्धा लिटर दूध १६, तीन अंडी १८, कोरडं वजन ४० ग्रॅम सोयाबीन वडी २०. झाले ८६. उरले १८, तेवढ्याला एक स्कूप (२४ ग्रॅम प्रोटीन) पुरून उरतो. जिममध्ये दोन-दोन स्कूप सांगतात, त्यातला दुसरा या ताटावर फुकट जातो. अंडी न खाणाऱ्याला मात्र दीड स्कूप किंवा एक स्कूप आणि ७०-८० ग्रॅम पनीर लागेल. वडी गरम पाण्यात मीठ घालून भिजवा आणि दोनदा घट्ट पिळा, वास जातो. शेंगदाण्याला प्रोटीन म्हणून मोजताना जपून : १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन खरं, पण तेलासकट साडेपाचशेच्या वर कॅलरी. शेवभाजीची तर्री यात धरूच नका. रावेर-यावलची केळी व्यायामाच्या तासभर आधी दोन, ताकदीसाठी. त्यात प्रोटीन नावापुरतं.

व्यायामाबद्दल थोडक्यात. प्रत्येक स्नायूला आठवड्याला १० ते १५ कसून सेट, शेवटचे एक-दोन रेप्स (वजन उचलायच्या खेपा) शिल्लक राहतील इतक्या वजनावर, आणि वही ठेवून वजन वाढवत नेणं. हे नसेल तर पावडर बंद करा, पैसे वाचतील.

पावडरबद्दल तक्रार नाही. घटकांत ग्लायसिन, टॉरिन ही वरून मिसळली जाणारी अमिनो आम्लं नाहीत, ३० ग्रॅमला प्रोटीन २४ आणि त्यातलं ल्युसिन हे अमिनो आम्ल २.५ ग्रॅम लिहिलंय, हे प्रमाण व्हेला साजेसं आहे. ज्या व्हेच्या घटकांत ग्लायसिन सुटं घातलेलं दिसेल ते घेऊ नका. प्रोटीन नायट्रोजनवरून मोजतात, त्या चाचणीत तेही प्रोटीन म्हणून मोजलं जातं. हे कॉन्सन्ट्रेट (कमी गाळलेलं व्हे) आहे, लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर असते, दुधाने पोट फुगणाऱ्याला गॅस होतो.

मे महिन्यात मागवू नका. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांत पार्सल दिवसभर गाडीत तापतं. जास्त उष्णतेत लॅक्टोज आणि प्रोटीनची प्रक्रिया होऊन रंग पिवळट-तपकिरी होतो, लायसिन घटतं. मार्चमध्येच दोन पाकिटं घेऊन घरातल्या थंड कोनाड्यात ठेवावीत. पावसाळ्यात स्कूप पाकिटात ठेवू नका. तो शोधायला ओला हात आत जातो आणि तिथूनच गुठळ्या सुरू होतात. बोटाने भुगा होणारी गुठळी चालते. आंबूस वास आला तर पाकीट टाका.

आजचं रेटिंग चार तारे. एक कापला तो स्कूपसाठी. कंपनीने 'वजन करून घ्या' हे मागच्या बारीक अक्षरांत नाही, पुढे मोठ्या अक्षरांत छापावं.

सध्याचं पाकीट पहिल्या दिवसापासून काट्यावर मोजून चालू आहे. आज ३२वा दिवस, आत ४१ ग्रॅम शिल्लक.