वपुप्रेमींचा मेळावा: ३५० रुपये, आठ फ्लेक्स आणि एक टेपरेकॉर्डर

तर झालं असं की मावशीने फॅमिली ग्रुपवर एका गुगल फॉर्मची लिंक टाकली आणि खाली नुसतं "कोण येतंय?" मी दोन दिवसांनी त्यावर अंगठा दिला, "छान आहे हो" या अर्थाने, आणि तिने तो "मी येते" असा घेऊन दोन तिकिटं काढून टाकली. ३५० रुपये एकाचे. चहा, नाश्ता, जेवण धरून. त्यामुळे मार्चमधल्या एका रविवारी सकाळी साडेनऊला मी ठाण्यात, डोक्यावर ओढणी घेऊन, वपुप्रेमींच्या मेळाव्याच्या रांगेत.

वपु म्हणजे व. पु. काळे, लेखक आणि कथाकथनकार. त्यांचा वाढदिवस २५ मार्चचा (जन्म १९३२), पण आपल्याकडे जयंती असो नाहीतर बारसं, रविवारच लागतो. आयोजक कोण ते लिहीत नाही, हौशी मंडळी आहेत, पोटतिडकीने करतात, आणि खाली मी बरंच काय काय बोलणार आहे. हॉल एका शाळेचा, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आता वपुंचा वाचक कोण हे आयोजकांना माहीत नसेल असं कसं म्हणू, तीन चतुर्थांश लोक साठीच्या पुढचे, गुडघ्याला पट्टे लावलेले, प्रत्येक वळणावर एकेक काकू कठडा धरून उभी आणि "तुम्ही व्हा पुढे" म्हणतेय. मावशीही त्यातलीच. पहिला मार्क तिथेच कापला.

कार्यक्रम दहाचा, सुरू झाला दहा पन्नासला. दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग शाल-श्रीफळ, मग ज्यांनी शाल दिली त्यांनाच दुसऱ्या कोणीतरी शाल. मग पाच वक्ते. पाचही जणांचं म्हणणं एकच, वपुंनी मला जगायला शिकवलं. शिकवलं असेल की, कोण नाही म्हणतंय, पण कसं शिकवलं, कुठल्या गोष्टीने, तुमचं तेव्हा काय बिनसलं होतं, ते सांगा ना! एकाने तर पूर्ण भाषण "वपु म्हणतात" वर काढलं, मी मोजायला लागले आणि सतराला सोडून दिलं. पंखे चार, त्यातले दोन नुसते शोभेला.

आणि ते फ्लेक्स. हॉलच्या दोन्ही भिंतींवर मिळून आठ फ्लेक्स, वपुंचा फोटो, मागे सूर्यास्त, आणि त्यावर सुविचार. माझ्या शेजारी एक काका बसले होते, मांडीवर वपुर्झाची जुनी कॉपी, पुठ्ठा सुटून चिकटपट्टीवर जगणारी. ते एकेक फ्लेक्स वाचत होते आणि पानं उलटत होते. मला वाटलं आवडलेली वाक्यं शोधतायत. तर नाही, चेकिंग चालू होतं! तिसऱ्या फ्लेक्सपाशी ते मला म्हणाले, "ताई, हे बघा जरा." बघितलं. नात्यांबद्दल काहीतरी गोडमिट्ट वाक्य होतं, आणि त्यात चक्क "लास्ट सीन" होतं. वपु गेले २६ जून २००१ ला. काका उठून व्हॉलंटियर मुलाकडे गेले, तो बिचारा वीस-बावीसचा, "काका भावना समजून घ्या ना" म्हणाला. काका परत येऊन बसले आणि भाषणं संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हा मी हसले, पण नंतर वाटलं की यात सगळा दोष व्हॉट्सअ‍ॅपचा नाहीये. वपुर्झा हे पुस्तक आहेच मुळी त्यांच्या लिखाणातल्या वेचक तुकड्यांचं, कुठलंही पान उघडा आणि वाचा, मागचं-पुढचं माहीत नसलं तरी चालतं. फॉरवर्ड यायच्या कितीतरी आधी वपुंनी स्वतःच फॉरवर्ड करून ठेवले होते म्हणा ना. माझ्या वयाच्या निम्म्या लोकांनी फक्त तेवढंच वाचलंय. मीही त्यातलीच होते, खोटं कशाला बोलू, कॉलेजात वपुर्झा उशाशी आणि पार्टनर ही त्यांची कादंबरी एकदा, ते पण मैत्रिणीने ब्रेकअपनंतर दिलं म्हणून. त्यामुळे माझ्या डोक्यात वपु म्हणजे वाक्यं. छान, टाळी घेणारी, कधी कधी जरा जास्तच टाळी घेणारी.

जेवण चांगलं होतं हे सांगून टाकते म्हणजे त्यासाठी खाली स्क्रोल करायला नको. मसालेभात गरम, पुऱ्या गार, बटाट्याची भाजी, जिलबी. मठ्ठा पहिल्या पन्नास जणांनंतर संपला. पुस्तकांच्या स्टॉलला २० टक्के सूट होती, पण गठ्ठे फक्त खपणाऱ्यांचेच, पार्टनर आणि वपुर्झा, पार्टनर आणि वपुर्झा. मावशीला प्लेझर बॉक्स हवं होतं, वाचकांच्या पत्रांमधून झालेलं वपुंचं पुस्तक, ते नव्हतं. स्टॉलवाला म्हणे ऑनलाइन बघा. अहो ३५० रुपये भरून, दोन जिने चढून ऑनलाइनच बघायचं होतं तर...

आणि मग दुपारचं सेशन. यासाठीच हे सगळं लिहायला बसलेय.

पत्रिकेत नुसतं "श्रवण" असं लिहिलं होतं, मला वाटलं आता कोणीतरी वपुंसारखं कथाकथन करणार, आणि मी बॅग उचलायच्या बेतात होते. तर एक आजोबा स्टेजवर पिशवीतून टेपरेकॉर्डर घेऊन आले. कॅसेटवाला. वपुंच्या कथाकथनाच्या कॅसेट निघायच्या, आमच्या घरी पण होत्या मावशी म्हणते, लग्नकार्यात वाजवायचे आणि लोक पंगत सोडून ऐकत बसायचे. तर तो टेपरेकॉर्डर हॉलच्या स्पीकरला जोडायची वायर कोणाकडेच नव्हती. दहा मिनिटं नुसती शोधाशोध. शेवटी एका मुलीने स्टूल घेतलं, माईक टेपरेकॉर्डरच्या तोंडाशी धरला आणि तशीच बसून राहिली. पाऊण तास! हात बदलत बदलत. त्या मुलीला पुढच्या वर्षी शाल द्या, मनापासून सांगते.

जे. के. मालवणकर ही त्यांची कथा लावली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा वपुंचा आवाज नीट ऐकला. मोबाइलवर एक-दोनदा ऐकला असेन, भांडी घासताना, पण तो वेगळा. इथे खरखर होती, मागे त्या वेळच्या प्रेक्षकांचं हसू होतं, आणि त्या हसण्यात आमच्या हॉलचं हसू मिसळत होतं, कुठलं आजचं आणि कुठलं तेव्हाचं कळेना. आणि हा माणूस थांबतो कसा! वाक्य अर्ध्यावर आणून ठेवतो, लोकांना हसू देतो, ते हसू उतरायला लागलं की बरोब्बर उरलेलं वाक्य सोडतो. फ्लेक्सवर तुम्ही वाक्य छापू शकता पण ती गॅप कशी छापणार. दिवसभर महापालिकेत आर्किटेक्टची नोकरी करायची आणि वर गावोगाव जाऊन हे असं बोलायचं, कधी झोपत होते काय माहीत.

मधेच टेप अडकली. घुर्रर्र करून आवाज जाडा झाला आणि बंद. आजोबांनी झाकण उघडलं, चार जणांचे हात खिशातल्या पेनाकडे गेले. आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या दोन बायकांनी पुढचं वाक्य म्हणायला सुरुवात केली. तोंडपाठ. त्याच चालीत, त्याच थांब्यांसकट. मग मागून कोणीतरी "नाही नाही, त्याच्या आधी एक आहे" म्हणून अडवलं, मग दोन पार्ट्या पडल्या, आणि चेकिंगवाले काका, जे सकाळपासून गप्प होते, उभं राहून मधलं वाक्य सांगून मोकळे. टेप परत सुरू झाली तेव्हा काका बरोबर निघाले. टाळ्या. सकाळच्या पाच भाषणांना मिळून झाल्या नसतील एवढ्या.

त्यानंतर खुली चर्चा होती, ती पंधराच मिनिटं, म्हणजे जिथे वेळ द्यायचा तिथे नाही. एका मुलीने विचारलं की वपुंच्या गोष्टींतल्या बायका नेहमी देखण्या आणि समजूतदार का असतात, कंटाळलेली, घामेजलेली, चिडकी बाई कुठे भेटत नाही. हॉल एकदम गार. सूत्रसंचालकांनी "वेळेअभावी" म्हणून विषय गुंडाळला. मला प्रश्न पटला, वपुंवर प्रेम करणाऱ्यांनीच तो विचारायला हवा ना, बाहेरचे कशाला विचारतील. मावशी मात्र चहाच्या वेळी तिला गाठून म्हणाली, "बरोबर विचारलंस गं, पण वपुंची 'ही वाट एकटीची' कादंबरी वाच, त्यातली बाबी वाच, मग आपण भांडू." दोघींनी नंबर घेतले. आता भांडण चालूच असेल.

पैसे वसूल का? दुपारच्या सेशनचे ३५० मी पुन्हा एकदा देईन, सकाळच्या सेशनला मात्र मलाच कोणीतरी द्यायला हवेत. पुढच्या वर्षी तळमजला बघा, एक तीस रुपयांची वायर आणा, वक्ते दोनच ठेवा आणि त्यांना कॅसेटनंतर बोलू द्या, म्हणजे त्यांनाही कळेल किती बोलायचं. आणि फ्लेक्स छापायच्या आधी त्या काकांना दाखवा, ते फुकट तपासून देतील. जाणाऱ्यांना सल्ला: अकराच्या आधी जाऊ नका, पाण्याची बाटली घरून न्या, मठ्ठा हवा असेल तर आधी ताट घ्या.

परतीच्या ट्रेनमध्ये मावशीने मोबाइल काढला आणि दिवसभराचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले. टेपरेकॉर्डरचा एकही नाही, तेव्हा ती ऐकत होती. सगळे फ्लेक्सचे, पहिलाच तो "लास्ट सीन"वाला. कळवा यायच्या आत सात जणांनी अंगठा दिला. मी मावशीला म्हटलं, मोजून ठेव, पुढच्या वर्षीची सात तिकिटं झाली.