‘बँकेचा फोन उचलू नका’ असं सांगणाऱ्यापासून सावध राहा

हप्ते नियमित भरणारं घर सहसा एका ठरावीक महिन्यात गाळात जातं. हप्त्याची तारीख तोंडावर आलेली असते आणि नेमका तेव्हाच न टळणारा खर्च निघतो. असा महिना हेरून बसलेले लोक असतात. ‘कर्ज निम्म्यावर मिटवून देतो’ म्हणणाऱ्या एका एजन्सीनं आम्हाला कसं लुबाडलं, ते सविस्तर लिहितेय. त्यांची बोलण्याची तऱ्हा एकदा कानावरून गेलेली असली, तर पुढच्याला ती पहिल्याच फोनवर ओळखू येईल.

कर्ज बाबांच्या आजारपणात झालं. एक वैयक्तिक कर्ज दादाच्या नावावर, एक माझ्या, क्रेडिट कार्डाची थकलेली बाकी वेगळी आणि नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने पैसे वेगळे. बाबा बरे झाले, हप्ते आम्ही दोघांनी वाटून घेतले. ओढाताण होती, पण एकही हप्ता चुकू दिला नव्हता. मग न्हाणीघराच्या भिंतीतला पाइप फुटला. खालच्यांच्या छतातून पाणी गळायला लागलं, फरशी उखडावी लागली, आणि ते काम संपतंय तोवर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बाजूला ठेवलेलं सगळं त्यात गेलं.

सगळी कर्जं एकत्र करून एकच लहान हप्ता करता येतो का, हे मी इंटरनेटवर शोधत होते. एका जाहिरातीखालचा फॉर्म भरला आणि त्याच संध्याकाळी फोन आला. त्या माणसाचं पहिलं वाक्य अजून कानात आहे. ‘ताई, आधी सांगा, बाबांची तब्येत आता कशी आहे?’ फॉर्ममध्ये ‘कर्जाचं कारण’ असा रकाना होता, तिथे मी ‘वडिलांचे उपचार’ लिहिलं होतं. त्यानं तेवढंच उचललं होतं. पण त्या दिवसांत आमच्याशी आपुलकीनं बोलणारं कुणी नव्हतं. तो अर्धा तास ऐकत राहिला, मध्ये एकदाही घाई केली नाही.

योजना त्यानं अशी मांडली: बँकांचे हप्ते आजपासून थांबवायचे. त्याऐवजी निम्मी रक्कम दर महिन्याला एजन्सीच्या ‘सेटलमेंट खात्यात’ भरायची. कर्ज पुरेसं थकलं की बँक तडजोडीला येते, मग साठलेल्या पैशातून निम्म्यात मिटवायचं. सुरुवातीला नोंदणी शुल्क, पुढे महिन्याचं सेवा शुल्क.

यातली खरी बाजूच माणसाला फसवते. बँका थकलेल्या कर्जात तडजोड करतात, आणि रिझर्व्ह बँकेनं जून 2023 मध्ये त्यासाठी चौकटही घालून दिली आहे. पण तडजोड करायची की नाही आणि किती रकमेवर, हे बँक स्वतःच्या संचालक मंडळानं मंजूर केलेल्या धोरणानुसार ठरवते. बाहेरच्या कुणालाही ‘निम्म्यावर नक्की करून देतो’ असा शब्द आधीच देता येत नाही. आमच्या करारात बारीक अक्षरांत तेच छापलेलं होतं: ही फक्त सल्ला सेवा आहे, निकालाची हमी नाही, शुल्क परत मिळणार नाही. फोनवर मात्र हमीशिवाय दुसरं काही बोललं जात नव्हतं.

आणि मग ती सूचना. ‘बँकेचा फोन उचलायचाच नाही, ताई. तुम्ही बोललात की केस कमजोर होते.’ बँकेला पाठवायला त्यांनी एक तयार मेसेज दिला, की यापुढे माझ्याशी संपर्क माझ्या वकिलामार्फत करावा. वकील कोण, हे कधीच कळलं नाही. वसुलीवाल्यांची भीती घालून ‘आम्ही तुम्हाला संरक्षण देतो’ असंही सांगत, आणि शुल्कात ते संरक्षणही धरलेलं होतं. वसुली एजंटनं सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, घरच्यांना किंवा मित्रांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2022 मध्ये बँकांना बजावलेलं आहे. जे संरक्षण कर्जदाराला फुकट आहे, तेच आम्हाला विकलं जात होतं.

हप्ते थांबल्यावर काय होतं, हे त्या गोड आवाजानं सांगितलं नव्हतं. दंड लागतो, व्याज चढत राहतं. अनेक कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जातं, त्यामुळे कार्डाची बाकी सगळ्यात आधी फुगली. 90 दिवसांपेक्षा जास्त थकलं की कर्ज बुडीत गटात मोडतं. आणि सगळं त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झालं असतं, तरी क्रेडिट अहवालात, म्हणजे आपण कर्जं कशी फेडली याच्या नोंदीत, ‘बंद’ याऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा पडला असता. पुढे कर्ज देणारा तो शेरा पाहतो आणि मागच्याचे पैसे पूर्ण फेडले गेले नाहीत, हे त्याला कळतं.

काही महिन्यांनी त्यांनी ‘सेटलमेंट लेटर’ पाठवलं. पीडीएफ होती, वर बँकेचं चिन्ह, खाली शिक्का आणि सही. उरलेली रक्कम दोन दिवसांत पत्रात दिलेल्या खात्यात भरा, नाहीतर ऑफर जाईल, असा निरोप सोबत. दादाला त्या घाईचा संशय आला. त्यानं छापील प्रत घेतली आणि आम्ही सरळ बँकेच्या शाखेत गेलो. कर्ज विभागातल्या बाईंनी पत्र हातात घेतलं, चष्मा वर केला आणि पेनाच्या टोकानं एकेक गोष्ट दाखवत गेल्या. कर्ज खाते क्रमांकात एक आकडा कमी. संदर्भ क्रमांक आहे, पण तो बँकेच्या नोंदीत नाही. पैसे भरायचं खातं कर्जाचं नाही, दुसऱ्याच कुठल्या बँकेतलं चालू खातं. मग त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. आमच्या कर्जावर कुणीही, कधीही तडजोडीची बोलणी केल्याची एक ओळ तिथे नव्हती. आम्ही महिनोन्‌महिने भरलेल्या पैशातला एक रुपयाही बँकेपर्यंत आला नव्हता.

त्याच टेबलावर त्या बाईंनी जे सांगितलं, ते आधी ऐकायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं. अचानक खर्च निघाला आणि हप्ता जमत नसेल, तर तारीख उलटायच्या आत बँकेला लेखी कळवायचं. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का, हे विचारायचं. मुदत वाढली की एकूण व्याज जास्त जातं, हे खरं. पण ते हिशेबात दिसतं, आणि हप्ते थकत नाहीत. दादाच्या कर्जाचं तसं झालं. माझं जास्त थकलेलं होतं, त्यामुळे दंडाची रक्कम भरूनच ते मार्गी लागलं. आता कर्ज फेडताना एक लहानशी रक्कम आम्ही हातच न लावता वेगळी ठेवतो. आधी वाटायचं, व्याज चालू असताना पैसा पडून का ठेवायचा? पण तो नसला की पाइप फुटल्यावर माणूस अशाच लोकांच्या दारात जातो.

कुणाशी तडजोड होत असेल, तर पत्र घेऊन स्वतः शाखेत जा आणि पैसे फक्त स्वतःच्या कर्ज खात्यात भरा. क्रेडिट अहवाल देणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो, तो काढून आपल्या नावावर काय चाललंय ते पाहा. एजन्सी आपल्या वतीनं खरंच काही करतेय का, याचा अंदाज तिथेही येतो.

तक्रारीबद्दल एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल बँका आणि तिच्या देखरेखीखालच्या संस्थांविरुद्धच्या तक्रारी घेतो. अशा खासगी एजन्सीची तक्रार तिथे चालत नाही, ती पोलिसांकडे आणि ग्राहक आयोगाकडे न्यावी लागते. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकले नसतील तर ते रोखून धरता येतात, म्हणून तिथे एकेक तास मोलाचा असतो. आमचे पैसे केव्हाच पुढे गेले होते. करार, पावत्या आणि फोनवरचे मेसेज जोडून तक्रार दिली आहे, अजून हाती काही आलेलं नाही.

तक्रारीनंतर थोड्याच दिवसांत वेगळाच फोन आला. समोरच्या बाईला माझं नाव, एजन्सीचं नाव आणि बुडालेली रक्कम, सगळं ठाऊक होतं. ‘तुमचे पैसे आम्ही परत मिळवून देऊ, फक्त फाइल उघडायचं शुल्क भरा.’ एकदा फसलेल्या लोकांची यादी पुढे विकली जाते आणि त्याच लोकांना पुन्हा गाठलं जातं. पोलीस, बँक किंवा आयोग पैसे परत मिळवून देण्यासाठी फोनवरून शुल्क मागत नाहीत. असा फोन तुम्हालाही आला, तर नंबर टिपून ठेवा आणि तोही आपल्या तक्रारीला जोडा.