पोस्ट-स्टडी परवान्याला खरंच किती लागतात? यूके, जर्मनी की कॅनडा

मावसभावाचं मँचेस्टरला एमएस्सी संपलं आणि त्याच आठवड्यात घरी फोन, अजून साडेतीन लाख लागतील. मावशी म्हणाली, अरे फी तर सगळी भरून झाली ना? तर यूकेचा ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिकून झाल्यावर तिथेच राहून काम करायचा परवाना, त्याची फी एप्रिल 2025 ला 880 पाऊंड झाली होती, ती एक वेळ ठीक, पण खरा दणका हेल्थ सरचार्जचा, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी आधीच भरायच्या पैशांचा. वर्षाला 1,035 आणि तो दोन्ही वर्षांचा एकदम, म्हणजे 2,070, दोन्ही मिळून 2,950 पाऊंड, 115 चा रेट धरला तरी 3 लाख 39 हजार झाले आणि हे सगळं पहिला पगार हातात पडायच्या आधी, हप्ते वगैरे काही नाही. रात्री एक वाजता याचं फॉरेक्स कार्ड डिक्लाइन झालं, शेवटी रूममेटच्या कार्डावरून भरले. इथला एक एजंट नुसता फॉर्म भरायचे 25 हजार मागत होता, तेवढे मात्र वाचले, पासपोर्ट मोबाइलवर स्कॅन करून फॉर्म आपला आपण भरता येतो हो.

आणि एक, 1 जानेवारी 2027 पासून अर्ज केला तर पीएचडीवाले सोडून बाकीच्यांना दोन वर्षांऐवजी 18 महिनेच मिळणार. जानेवारी इनटेकवाल्यांनी हे आधी बघा.

जर्मनीला सगळे स्वस्त म्हणतात. डिग्रीनंतर 18 महिन्यांचा जॉब शोधायचा परवाना, फी साधारण 100 युरो, बास. पण स्टुडंट हेल्थ इन्शुरन्स बंद होतो आणि स्वतःचा घेतला की महिन्याला 200 युरोच्या वर जातात, म्हणजे 18 महिने नोकरीच नाही लागली तर 3,600 च्या वर, यूकेच्या सरचार्जपेक्षा जास्तच की! फरक एवढाच की हे महिन्याच्या महिन्याला जातात, आणि नोकरी लागली की निम्मा भार कंपनी उचलते. तोवर कॅफेत, गोडाऊनमध्ये कुठेही काम चालतं. खिशात एकरकमी पैसे नसतील तर मी जर्मनीच म्हणेन, फक्त जर्मन भाषा शिकायची तयारी हवी, नाहीतर ते 18 महिने कधी संपतात कळत नाही.

कॅनडाला वर्क परमिटची फी 255 कॅनेडियन डॉलर, बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे, फोटो) लागलं तर अजून 85. मास्टर्सवाल्यांना तीन वर्षं मिळू शकतात, म्हणजे महिन्याच्या हिशोबात हेच सगळ्यात स्वस्त. गोची अशी की 1 नोव्हेंबर 2024 पासून भाषेची टेस्ट लागते आणि अ‍ॅडमिशनला दिलेली आयईएल्टीएस अ‍ॅकॅडमिक चालत नाही, जनरल द्यावी लागते, तिकडे दिली तर परमिटपेक्षा टेस्टच महाग. कॉलेज डिप्लोमावाल्यांनी आपला कोर्स परमिट मिळणाऱ्या कोर्सच्या यादीत बसतो का तेही बघा. शिवाय परमिट पासपोर्टच्या तारखेपुढे देत नाहीत, उरलेला काळ वाढवून घ्यायचा म्हणजे परत अर्ज, परत पैसे. मावसबहीण आता तिकडेच निघालीय, तिचा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतोय, तर बॅग भरायच्या आधी तिला पासपोर्ट ऑफिसला पाठवलंय.